पडताळणी व मुद्रांकन

एकतीस वर्षं मी इतवारीतले तराजू तपासले.
मिरचीच्या ठोक बाजारात, शिंकत, डोळे पुसत,
पारड्याखाली चिकटवलेलं मेण नखानं खरवडलं,
वजनांच्या बुडातलं शिसं काढून भरलेली लाख उकरली.
निमजेबाई आल्या, असं कुणीतरी ओरडायचं
आणि मिनिटभरात अख्ख्या गल्लीतली मापं खरी व्हायची.

म्हणून काटोल रोडच्या त्या घरी
मी सांगून गेले नाही.

देवचंद माझा धाकटा. खर्ऱ्यानं जबडा खाल्लेला.
मोठ्या दवाखान्यात फाइल मिटवून म्हणाले,
आता घरी न्या, नाहीतर तिथं न्या.
तिथं म्हणजे कुठं, ते मला आधी मोजायचं होतं.

मे महिना, दुपारचे दोन, शेहेचाळीस अंश.
कूलरच्या वाळ्याच्या ताट्या नव्या, टाकीत पाणी.
बायकांच्या संडासाची कडी आतून लागत नाही.
फिनाइलचा वास बेताचा
(जिथं तो फार येतो तिथं काहीतरी झाकलेलं असतं).
एका रिकाम्या खाटेशी बसून घंटी दाबली, घड्याळ बघितलं.
चार मिनिटं वीस सेकंद.
बाजारात एवढ्या तुटीवर मी खटला भरला असता.

आलेली पोरगी धापत होती, हात ओले.
"मावशी, बाजूचे बाबा जाऊन राहिले होते जी,
हात सोडवेना."
मी चार-वीस लिहिलं. नंतरही खोडलं नाही.
कारणाचा रकाना
माझ्या वहीत कधीच नव्हता.

देवचंदला ठेवलं. आठव्या रात्री तीन वाजता
ऑटो करून परत गेले.
चौकीदार झोपलेला, तोंड उघडं. नोंद.
व्हरांड्यातल्या खिडकीतून आत बघितलं.
तीच पोरगी, विशाखा गजभिये, दुखण्याचं औषध भरत होती.
ट्यूबलाइटखाली सिरिंज उभी धरली,
मग स्वतः गुडघ्यांत वाकली,
रेघ डोळ्यांच्या सरळ उंचीवर येईपर्यंत वाकली,
नखानं टिचकी मारून बुडबुडा वर काढला,
पुन्हा वाकली.

द्रवाचं माप असंच वाचायचं असतं.
मी सत्तर-ऐंशी उमेदवारांना हे शिकवलं.
साहेब समोर असला की सगळे वाकायचे.

मी खिडकीत आहे हे तिला माहीत नव्हतं.
मी आत गेले नाही. ऑटोवाला वेटिंगचे पैसे मागत होता,
दिले, घासाघीस न करता.

शेवटच्या आठवड्यात त्याला तर्री पोहे हवे झाले.
गिळणं तर कधीच बंद.
विशाखानं चौकातून तर्री आणली,
कापसाचा बोळा बुडवून जिभेच्या शेंड्यावर टेकवला.
अर्धा ग्रॅमही नसेल.
माझ्याकडे त्याहून लहान वजनं होती, चिमट्यानं उचलायची,
मखमलीच्या डबीत. निवृत्तीच्या दिवशी जमा केली.
देवचंदनं डोळे मिटले, बराच वेळ तसाच.
मग पाटी मागून घेतली आणि लिहिलं:
तर्री फिक्की हाय.

गुरुवारी पहाटे पाचला गेला.
डॉक्टरांची सही मिळाली नऊला.
शववाहिकेवाल्यानं तीनशे जास्त घेतले.
या दोन्ही तक्रारी मी लेखी दिल्या, पोच घेतली.
संस्थेचे म्हातारे सेक्रेटरी वाचून म्हणाले,
बाई, एक ओळ चांगलीही लिहा ना.
मी म्हटलं, चांगल्याला आमच्याकडे शब्द नाही,
फक्त शिक्का असतो,
आणि तोही वर्षभरच चालतो.

पुढच्या मेमध्ये पुन्हा जाईन.
रात्री तीनला, न सांगता,
त्या खाटेवर तेव्हा दुसऱ्या कुणाचा भाऊ असेल.
पर्समध्ये पेचकस असेल
आणि इतवारीतून घेतलेली एक पितळी कडी,
कारण ती त्यांनी अजून बसवली नसणार.